खारूचं काम

त्या भागातल्या निम्म्या लोकांना मास्तरांनी गाडी चालवायला शिकवलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांनी कधी ना कधी मास्तरांच्या गाडीमागे अडकून शिव्या दिल्या होत्या. छपरावर पाटी लावलेली पांढरी गाडी, शिकणाऱ्याच्या शेजारी मास्तर आणि मास्तरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक. उभं आयुष्य त्या ब्रेकवर पाय ठेवून गेलं. घरी टीव्हीवर एखादी गाडी झोकात वळली तरी त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा, आणि शिवणयंत्रावरून मान वर न करता बायको म्हणायची, "अहो, फरशी फुटेल."

मास्तरांची बायको म्हणून शेजारीपाजारी तिला मास्तरीणबाई म्हणत. तिने आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. ती पडदे आणि अभ्रे शिवून द्यायची. या दोघांना बऱ्याच उशिरा एक मुलगी झाली. लहानपणी घास गिळायचा सोडून गालात साठवून ठेवायची म्हणून तिला कुणीतरी खारू म्हटलं, आणि ती मोठी होऊन विद्यापीठात संशोधन करायला लागली तरी घरात तिला दुसऱ्या नावाने कधी कुणी हाक मारली नाही.

खारूचा विषय होता जैवतंत्रज्ञान. रात्रीच्या जेवणाला तिघं बसली की ती सांगायला लागायची. डीएनए म्हणजे काय, त्यातला एखादा तुकडा कापून दुसरीकडे कसा जोडतात, जोडलेला तुकडा जिवाणूच्या पोटात कसा घालतात. मास्तर मान डोलवायचे. दिवसभर नवशिक्यांच्या क्लचने हिंदकळून अंग आंबलेलं असायचं. ऐकू सगळं यायचं, पण डोक्यावरून जायचं. एवढंच पक्कं कळलं होतं की खारू असे जिवाणू बनवते आहे, जे शिसं मिसळलेल्या पाण्यात टाकले की हिरवे चमकतील. जुन्या नळांतून घराघरांत शिसं जातं, लहान मुलांच्या मेंदूला ते मारक असतं, आणि ते ओळखायची स्वस्त सोय नाही. ही गोष्ट मास्तरांना फार आवडली. गाडीत बसलेल्या प्रत्येकाला, लाल सिग्नलला थांबलं की, ते सांगायचे, "आमची मुलगी पाणी तपासायचं नवीन काढते आहे. झालंच आहे, थोडंच राहिलंय." हे 'थोडंच राहिलंय' ते तीन वर्षं सांगत होते.

मग एका सकाळी खारू प्रयोगशाळेत काम करता करता खाली बसली. डोकं दुखतंय म्हणाली. दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध गेली होती. मेंदूतली एक रक्तवाहिनी जन्मापासूनच कमजोर असावी, ती फुटली, असं डॉक्टरांनी सांगितलं. मास्तर एका शिकाऊ मुलीला घेऊन गाडी मागे घेण्याचा सराव करत होते तेव्हा फोन आला. ते पोहोचले तेव्हा मास्तरीणबाई आधीच येऊन बाकावर बसलेली होती, बोटात अंगुस्तान तसंच अडकलेलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली.

पुढचे दिवस माणसांचे होते. येणारे येत, बसत, उठत. खारूच्या मार्गदर्शक मॅडम आल्या, फार गुणी मुलगी होती, फार चिकाटीने काम करायची, असं म्हणाल्या. त्यांच्या शेजारी मास्तरांचा थोरला भाऊ बसला होता. त्याने सहज, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "नेमकं काय काम करायची रे ती?"

मास्तरांनी तोंड उघडलं. मॅडम समोर होत्या, एखादा शब्द चुकेल म्हणून ते बिचकले. "पाण्याचं," ते म्हणाले. "पाण्याचं काहीतरी."

पाण्याचा पेला घेऊन दारात उभ्या असलेल्या मास्तरीणबाईने ते ऐकलं. ती पेला खाली ठेवून आत निघून गेली. ते 'काहीतरी' मास्तरांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. एवढ्या वर्षांत खारू रोज ताटावर बसून सांगत होती, आणि आपल्या हाती काय लागलं, तर काहीतरी.

दोन-तीन महिने गेले. शिकवणीची गाडी अंगणात उभी राहून तिच्यावर धूळ चढली. एक दिवस मास्तर उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि विद्यापीठात गेले. जैवतंत्रज्ञान विभागाचा एक वर्षाचा छोटा अभ्यासक्रम होता, बारावी विज्ञान झालेल्या कुणालाही खुला. मास्तरांनी बारावी कधीकाळी केली होती, काठावर. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज पाहिला आणि प्रवेश ज्याला हवाय त्याला पाठवा, त्याची सही लागेल, असं समजुतीने सांगितलं. मास्तर म्हणाले, तो मीच. कारकुनाने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पावती फाडली.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. त्यांना वाटलं होतं तसं तिने काही विचारलं नाही, ती रागावलीही नाही. "जा," एवढंच म्हणाली आणि यंत्राची सुई ओवू लागली. त्या 'जा'मध्ये काय काय होतं ते मास्तरांना पुष्कळ नंतर कळलं.

वर्गात सगळी विशीच्या आतबाहेरची मुलं. पहिल्या दिवशी मास्तर आत शिरले तेव्हा तीस-चाळीस जण पटकन उठून उभे राहिले. त्यांना वाटलं सर आले. खरे सर मागून आले, ते मास्तरांच्या निम्म्या वयाचे, आणि त्यांनाच क्षणभर कळेना की फळ्याकडे आपण जायचं की यांनी. पुढे मुलं त्यांना काका म्हणायला लागली. शेजारी बसणारा एक लठ्ठ मुलगा तर त्यांच्या वहीत डोकावून म्हणायचा, काका, तुम्ही सगळं लिहून घेता, पण पुसून दुसऱ्यांदा लिहिता तेव्हा वेगळंच लिहिता.

आणि ते खरंच होतं. मास्तरांची बुद्धी वाईट नव्हती, पण ती आता नव्या वाटेला लागायला तयार नव्हती. डीएनए आणि आरएनए यांत फरक काय हे त्यांना सकाळी कळायचं आणि संध्याकाळी निसटायचं. चार अक्षरं, कुणाची जोडी कुणाशी, हे त्यांनी बसच्या खिडकीशी बसून पाठ केलं. एका धाग्यावरून दुसरा धागा कसा बनतो, त्यावरून निरोप कसा उतरतो, निरोपावरून प्रथिन कसं तयार होतं, इथवर ते रेटत आले. पुढे कापणारी विकरं, जोडणारी विकरं, आणि डीएनएची ती छोटी गोल कडी, प्लास्मिड, जिच्यात बाहेरचा तुकडा बसवून जिवाणूत सोडतात. हे खारूचे शब्द होते. ते फळ्यावर पडले की मास्तरांना तिचा आवाज आठवायचा, आणि आवाज आठवला की सर पुढे काय म्हणाले ते राहून जायचं. असं करत त्यांचं अर्धं वर्ष गेलं.

एकदा प्रात्यक्षिकात कांद्यातून डीएनए वेगळा काढायचा होता. कांदा वाटला, मिठाचं आणि साबणाचं पाणी घातलं, गाळलं, वरून थंडगार अल्कोहोल अलगद सोडलं. दोन थरांच्या मधे पांढरं धुकं जमलं आणि त्याचे धागे झाले. काचेच्या कांडीवर मास्तरांनी ते गुंडाळून घेतले. ओल्या कापसासारखे होते. कांडी उजेडात धरून ते बराच वेळ पाहत राहिले. मग सरांना त्यांनी विचारलं की माणूस गेल्यावर हे राहतं का. सरांना त्यांची हकिगत ठाऊक नव्हती. ते उत्साहाने सांगू लागले, हाडांत, दातांत, केसांच्या मुळाशी पुष्कळ काळ टिकतं, हजारो वर्षांपूर्वीचंसुद्धा सापडलंय. लठ्ठ मुलाने सरांना डोळ्याने खुणावलं, तेव्हा ते मधेच थांबले.

त्या दिवशी मास्तर घरी आले ते जरा भारल्यासारखे. खारूचा कंगवा अजून आरशापाशी होता. त्यांनी बायकोला जवळ बोलावलं आणि सांगितलं, या केसांच्या मुळाशी तिचा सगळा धागा आहे. ती कशी होती ते सगळं. नाक, डोळे, बोटं.

मास्तरीणबाईने कंगवा त्यांच्या हातातून काढून घेतला. "मला धागा नको," ती म्हणाली. "मला पोरगी हवी. तुम्ही रोज तिथे जाऊन काय शोधताय ते शोधा. मी इथे दिवसभर एकटी असते, कधी लक्षात आलंय?"

मास्तरांच्या खरंच लक्षात आलं नव्हतं. यंत्र आजकाल चालत नाही, पडद्यांची कापडं कोपऱ्यात तशीच पडून आहेत, हे त्यांना त्या क्षणी दिसलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्ग बुडवला. पण दोघं घरात समोरासमोर बसली आणि बोलायला काही सुचेना. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, जा, उगाच घरात येरझाऱ्या घालू नका.

खारूच्या प्रयोगशाळेत एक चष्मेवाली मुलगी होती, खारूच्या हाताखाली शिकलेली, तिला ताई म्हणणारी. उपाहारगृहात ती मास्तरांना दुरून पाहायची आणि नजर चुकवायची. एका दुपारी मास्तर स्वतःच तिच्या टेबलाशी चहा घेऊन बसले. त्यांनी सरळ सांगितलं, मला ताईचं काम समजून घ्यायचंय, जमेल तितकं सोपं करून सांग. मुलीने कागदी रुमालावर एक गोल काढला. ही कडी. या कडीवर इथे हिरव्या प्रथिनाचा तुकडा. त्याच्या आधी हा एक स्विच. शिसं आलं की स्विच चालू व्हायचा आणि जिवाणू हिरवे चमकायचे. शिसं नसेल तर बंद.

"मग झालं ना ते?" मास्तरांनी विचारलं.

मुलगी पेनचं टोपण काढत-घालत राहिली. शेवटी तिने सांगितलं की अडचण तिथेच होती. स्विच चालू व्हायचा, पण पुरता बंद व्हायचा नाही. स्वच्छ पाण्यातही जिवाणू थोडे चमकायचेच. मग शिशाचं पाणी कुठलं आणि चांगलं कुठलं, ओळखणार कसं? ताईने तो तुकडा नाना तऱ्हांनी बदलून पाहिला, नव्याने बांधला, पुन्हा बदलला.

"हँडब्रेक ढिला," मास्तर हळूच म्हणाले. "गाडी उभी दिसते, पण उतारावर सरकतच असते."

मुलगी म्हणाली, हो, साधारण तसंच, फक्त हा ब्रेक कुठे ढिला आहे ते बाहेरून दिसत नाही. आणि मास्तरांना एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी नीट समजल्याचं समाधान वाटलं. ते पुरतं वाटून व्हायच्या आत त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, असं किती दिवस चाललं होतं. मुलीने सांगितलं, दिवस नाही काका, दोन वर्षं. शेवटच्या वर्षी तर ताई फार खचली होती. मागे एक थंड खोली आहे, नमुने ठेवायची. तिला खिडकी नाही, आवाजही बाहेर येत नाही. ताई तिथे जाऊन रडायची. बाहेर आली की म्हणायची, थंडीने डोळ्यांत पाणी येतं गं.

मास्तरांचा चहा निवून गेला. ते उठले आणि बसमध्ये न बसता चालतच घरी निघाले. वाटेत कितीतरी सिग्नल लागले. प्रत्येक लाल दिव्यापाशी ते थांबत, हिरवा झाला तरी मागचे लोक धक्के देऊन पुढे जाईपर्यंत तिथेच उभे असत. त्या एका घरात, त्या एका टेबलाशी, मुलगी रोज रात्री हसत जेवत होती. आपल्याला कसं कळलं नाही?

घरी पोहोचल्यावर हे बायकोला सांगावं की नाही यावर ते संध्याकाळभर घुटमळले. तिला आधीच कमी दुःख आहे का, त्यात ही भर कशाला. पण पोटात राहीना. त्यांनी अडखळत सांगितलं, खारूचं काम जमत नव्हतं. ती फार त्रासात होती.

"माहीत आहे," मास्तरीणबाई म्हणाली.

"कसं?" मास्तरांनी विचारलं.

"मला सांगायची ती. तुम्ही झोपलात की इथे माझ्या शेजारी येऊन बसायची. एकदा तर सगळं सोडून दुसरी नोकरी शोधते म्हणाली." ती थांबली. पुढचं बोलायचं की नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. "तुम्हाला सांगू नको म्हणायची. म्हणायची, बाबा गाडीत बसणाऱ्या सगळ्यांना सांगतात, झालंच आहे, थोडंच राहिलंय. त्यांना कसं सांगू, की काहीच झालेलं नाही."

मास्तर खाली बसले. आपण सिग्नलला थांबून जे अभिमानाने सांगत होतो, ते फिरून त्या पोरीच्या मानेवर बसत होतं. ते रडले नाहीत. नुसते हात मांडीवर पालथे ठेवून बसून राहिले, परीक्षेत नापास झालेला माणूस परीक्षकाशेजारी बसतो तसे. मास्तरीणबाई काही वेळाने त्यांच्यासमोर ताट ठेवून गेली. इतके महिने तिच्या मनात हेच साठून होतं, आणि आज ते बाहेर पडलं म्हणून तिला हलकं वाटलं असंही नाही. तिलाही वाटलं, हे आपण बोलायला नको होतं.

वर्षाअखेरीस परीक्षा झाली. मास्तर लेखी पेपरात नापास झाले. प्रात्यक्षिकात काठावर निघाले, तेही पिपेट धरताना हात स्थिर होता म्हणून. पुन्हा बसा, असं तरुण सरांनी मनापासून सांगितलं. मास्तर हो म्हणाले, पण फॉर्म भरला नाही. जे कळायचं होतं ते कळून चुकलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मॅडमचा फोन आला. प्रयोगशाळा दुसऱ्या इमारतीत हलवत होते. तिथे जागा कमी होती. खारूचा प्रकल्प रीतसर बंद झाला होता, तो पुढे चालवायला कुणी नव्हतं. तिने बनवलेले सगळे जिवाणू अतिथंड कपाटात छोट्या नळ्यांत ठेवलेले होते, आणि त्या नळ्या आता नष्ट कराव्या लागणार होत्या. मॅडम म्हणाल्या, तुम्हाला न कळवता ते करावंसं वाटलं नाही.

मास्तरांनी फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं. आजवर तिने विद्यापीठाच्या फाटकातही पाऊल टाकलं नव्हतं. या वेळी ती म्हणाली, "मी येते."

चष्मेवाल्या मुलीने हातमोजे घालून कपाट उघडलं. धुक्याचा लोट बाहेर आला. तिने एक चौकोनी डबी काढून टेबलावर ठेवली, तिच्यावर हिम साचलं होतं. मुलीने अंगठ्याने ते पुसलं, तेव्हा आत नळ्यांच्या रांगा दिसल्या, आणि प्रत्येक टोपणावर बारीक, डावीकडे झुकलेली अक्षरं. खारूचीच. मास्तरीणबाईने हात पुढे केला. मॅडम म्हणाल्या, उघड्या हाताने नको, चटका बसेल, एवढं गार आहे ते. तिने डबीच्या जवळ नुसता हात धरून ठेवला.

"हे जिवंत आहेत?" तिने विचारलं.

मुलगी म्हणाली, हो काकू, झोपल्यासारखे आहेत. ऊब आणि खाणं दिलं की अजूनही वाढतील.

"मग मारायचे कशाला?"

मग मॅडमनी शांतपणे समजावलं. माणसाने बदल केलेले जिवाणू आहेत, असेच सोडून देता येत नाहीत, घरी देता येत नाहीत, त्यांची जबाबदारी घेणारा कुणी नसेल तर वाफेत मारून टाकावेच लागतात, तसा नियम आहे. पण खारूने बांधलेल्या तुकड्याची अक्षरं, ओळीने, संगणकात तिच्या नावाने नोंदवून ठेवली आहेत. जगात कुणालाही हवा असला तर तो तुकडा पुन्हा बनवता येईल.

मास्तरीणबाईने ऐकून घेतलं. मग मास्तरांकडे वळून विचारलं, हे खरं आहे का. मास्तरांना या बाबतीत तिने काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. ते म्हणाले, हो, खरं आहे, अक्षरं असली की बनवता येतो. त्यांनी पुढे हेही सांगायला हवं होतं की कुणाला हवा असेल असं वाटत नाही. ते त्यांनी सांगितलं नाही, पण तिने ते त्यांच्या तोंडावर वाचलं.

नळ्या जाड पिशवीत भरल्या. कोपऱ्यात स्टीलचं उभं पिंप होतं, मोठ्या कुकरसारखं. मुलीने पिशवी आत ठेवली, झाकणाचे स्क्रू आवळले. काटा हळूहळू चढू लागला. मॅडम म्हणाल्या, वेळ लागेल, बाहेर बसा. दोघंही हलली नाहीत. मुलीने एक स्टूल पुढे सरकवलं आणि हळूच सांगितलं, ताई यावरच बसायची. मास्तरीणबाई त्यावर बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते तिचे. मास्तर शेजारी उभे राहिले. वाफेचा फुसफुसाट सुरू झाला, खोलीत ओला, उकडलेला वास पसरला, आणि काटा वर जाऊन तिथेच थांबला. मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. मॅडम मधेच बाहेर गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

झाकण उघडलं तेव्हा पिशवी आक्रसली होती. नळ्यांमध्ये गढूळ पाणी उरलं होतं आणि टोपणांवरची शाई उतरून फिकट डाग झाले होते. मुलीने विचारलं, एक रिकामी नळी हवी का. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिने नको म्हटलं.

बसथांब्यावर दोघं उभी होती. बराच वेळ बस आली नाही. मास्तरीणबाई अचानक बोलायला लागली, रस्त्याकडे बघतच.

"ती सोडते म्हणाली ना, तेव्हा मी म्हटलं, सोड बाई, जीव मोठा की ते जिवाणू. तर मला म्हणाली, आई, तुला कळत नाही. चार दिवस अबोला धरला माझ्याशी." तिने पदराने तोंड पुसलं. "तुम्ही पुढे ढकलत होतात, मी मागे ओढत होते. पोरीने करायचं काय?"

वर्षभर शिकूनही मास्तरांना या प्रश्नाचं उत्तर कुठल्या तासाला मिळालं नव्हतं. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्या आणखी जवळ सरकून उभे राहिले. ती बाजूला झाली नाही.

पुढे मास्तरांनी गाडी धुतली आणि शिकवणी पुन्हा सुरू केली. मास्तरीणबाईचं यंत्रही चालू झालं, पहिल्यासारखं नाही, पण झालं. कधी कुणी गाडीत विचारतं, मास्तर, मुलंबाळं काय करतात? तेव्हा ते सांगतात, एक मुलगी होती. ती पाण्यातलं शिसं ओळखायचा प्रयत्न करत होती. जमलं नाही तिला, पण फार कष्ट केले तिने. आणि मग समोर बघून म्हणतात, आरशात बघा, मागून गाडी येतेय.